देश 'आई' कधी झाला? आणि सातबाऱ्यावर आईचं नाव का नसतं?

'देश' हा शब्द मराठीत पुल्लिंगी आहे. तो देश. 'भारत' पुल्लिंगी, 'महाराष्ट्र' पुल्लिंगी. तरीही १५ ऑगस्टला शाळेच्या मैदानात घोषणा होते ती 'भारतमाता की जय'. व्याकरणात 'तो' असलेला देश मनात 'ती' कसा झाला?

हा प्रश्न फक्त व्याकरणाचा नाही. डोंगर, नदी, माती यांच्याकडे साहित्यानं कसं पाहिलं, त्यांना बाई मानलं की पुरुष, आणि त्यावरून देशाची ओळख कशी घडली, याची ही गोष्ट आहे. ती बंगालमधल्या एका कादंबरीपासून महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यापर्यंत येते.

धरणीमाय जुनी, भारतमाता नवी

जमिनीला आई मानणं फार जुनं आहे. अथर्ववेदातल्या भूमिसूक्तात पृथ्वीला माता म्हटलं आहे. रामायणातली सीता नांगराच्या तासात सापडते आणि शेवटी जमिनीतच परत जाते. आपल्याकडे शेतकरी आजही शेतजमिनीला 'काळी आई' म्हणतो.

पण यातली आई म्हणजे माती. ती पिकवते, पोसते, पोटात घेते. तिला सीमा नाहीत, झेंडा नाही, शत्रू नाही.

नकाशा, सीमा आणि शत्रू असलेला आधुनिक देश 'आई' होण्याची प्रक्रिया १९व्या शतकात सुरू झाली. जगभर तेव्हा हेच चाललं होतं. फ्रान्सची मारियान, ब्रिटनची ब्रिटानिया, जर्मनीची जर्मानिया, अशी देशांची स्त्रीरूपं चित्रांत, नाण्यांवर आणि पुतळ्यांत दिसत होती. भारतात या कल्पनेला सगळ्यात मोठा धक्का दिला तो एका बंगाली कादंबरीनं.

'आनंदमठ': मुलगे लढतात, बाईला मात्र वेश बदलावा लागतो

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांची 'आनंदमठ' ही कादंबरी १८८२ मध्ये पुस्तकरूपात आली. त्याआधी ती 'बंगदर्शन' मासिकात क्रमशः छापली जात होती. तिची पार्श्वभूमी आहे १७७० चा बंगालचा भीषण दुष्काळ आणि त्या काळातलं संन्याशांचं बंड. 'वंदे मातरम्' हे गीत याच कादंबरीत आहे. बंकिमचंद्रांनी ते कादंबरीच्या आधी, १८७० च्या दशकात लिहिलं होतं.

कादंबरीत एक प्रसंग आहे. भवानंद हा संन्यासी हे गीत गातो. ते ऐकून महेंद्र गोंधळतो. त्याची शंका साधी आहे: हे तर देशाचं वर्णन आहे, आईचं नाही. भवानंद त्याला सांगतो की जन्मभूमीखेरीज दुसरी आई आम्ही मानत नाही. आम्हाला ना बायको, ना मुलं, ना घर.

म्हणजे १८८२ च्या वाचकालाही 'देश म्हणजे आई' हे समजावून सांगावं लागत होतं. ते आपोआप कळण्यासारखं नव्हतं.

गीताची रचनाही पाहण्यासारखी आहे. सुरुवातीच्या कडव्यांत निसर्ग आहे: पाणी, फळं, वारा, पिकं, चांदणं. पुढे त्याच निसर्गाची देवी होते, तिच्या हातात शस्त्रं येतात, दुर्गेशी तिची तुलना होते. मूळ गीतात तिच्या लेकरांची संख्या सात कोटी आहे. ती संपूर्ण भारताची नव्हे, तेव्हाच्या बंगाल प्रांताची लोकसंख्या. अख्ख्या भारताची आई होण्याआधी ही बंगालची आई होती.

पुढे गीतावरून वाद झाला तोही याच जोडणीवरून. देशाला देवी मानण्याला आणि कादंबरीतल्या मुस्लिमविरोधी मजकुराला अनेक मुस्लिम नेत्यांचा आक्षेप होता. १९३७ मध्ये काँग्रेसनं फक्त पहिली दोन कडवी गाण्याचा निर्णय घेतला. म्हणजे निसर्ग ठेवला, देवी वगळली. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत 'वंदे मातरम्'ला राष्ट्रगीताच्या बरोबरीचा मान देण्याची घोषणा झाली.

आता कादंबरीतल्या बायकांकडे पाहू. देश आई आहे, तिचे 'संतान' म्हणजे लढणारे मुलगे. मग मुलींचं काय? कादंबरीतली शांती ही जीवानंदची बायको. तिला या लढ्यात यायचं असतं, म्हणून ती पुरुषाचा वेश घेते, नवीनानंद हे नाव घेते आणि जड धनुष्याला प्रत्यंचा चढवून आपली ताकद सिद्ध करते. बाईच्या रूपातल्या देशासाठी लढायला बाईला आधी पुरुष व्हावं लागलं. पुढच्या शंभर वर्षांच्या साहित्याला हा पेच पुरला.

१९०५: चित्र, गाणं आणि फाळणी

१९०५ मध्ये लॉर्ड कर्झननं बंगालची फाळणी केली. नकाशावर ओढलेली ही रेघ लोकांना आईचे दोन तुकडे केल्यासारखी वाटली, कारण तोवर 'देश म्हणजे आई' ही भाषा घराघरात पोचली होती.

त्याच वर्षी अवनींद्रनाथ टागोरांनी 'भारतमाता' हे प्रसिद्ध चित्र काढलं. भगवी वस्त्रं, चार हात. हातांत कापड, धान्याची लोंबी, पोथी आणि जपमाळ. शस्त्र एकही नाही. या चित्राचंही आधीचं नाव 'बंगमाता' होतं. सिंह, तिरंगा आणि मागे नकाशा असलेली भारतमाता कॅलेंडरं आणि पोस्टरं यांतून नंतर रूढ झाली.

रवींद्रनाथ टागोरांनी याच काळात 'आमार शोनार बांगला' लिहिलं. त्यातही आमराई, वडाचं झाड, नदीकाठ आणि आई एकत्र येतात. हेच गीत पुढे बांगलादेशचं राष्ट्रगीत झालं. एका फाळणीला विरोध म्हणून लिहिलेलं गीत दुसऱ्या फाळणीतून आणि मग एका मुक्तिसंग्रामातून जन्मलेल्या देशाची ओळख बनलं.

आईच्या मूर्तीऐवजी फक्त जमीन दाखवण्याचाही प्रयोग झाला. वाराणसीतल्या भारतमाता मंदिरात देवीची मूर्ती नाही. तिथं संगमरवरात कोरलेला भारताचा उठावाचा नकाशा आहे. शिवप्रसाद गुप्त यांनी उभारलेल्या या मंदिराचं उद्घाटन १९३६ मध्ये महात्मा गांधींनी केलं.

जवाहरलाल नेहरूंनी आणखी वेगळं उत्तर दिलं. सभेत घोषणा झाल्यावर ते शेतकऱ्यांना विचारत, ही भारतमाता म्हणजे कोण? कुणी सांगे, जमीन. मग नेहरू म्हणत, डोंगर, नद्या, शेतं हे सगळं आहेच, पण खरी भारतमाता म्हणजे या देशातली माणसं. १९४६ मध्ये आलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त त्यांनी हा अनुभव लिहिला आहे.

'घरे बाइरे': बाईला देश म्हटलं की काय होतं?

ज्या रवींद्रनाथांनी १९०५ मध्ये स्वदेशीची गाणी लिहिली, त्यांनीच दहा-अकरा वर्षांनी या कल्पनेची कडक तपासणी केली. 'घरे बाइरे' ही त्यांची कादंबरी १९१६ मध्ये पुस्तकरूपात आली. सत्यजित राय यांनी १९८४ मध्ये तिच्यावर चित्रपट केला.

गोष्ट तिघांची आहे. निखिलेश हा जमीनदार, विमला ही त्याची बायको आणि संदीप हा त्याचा मित्र, स्वदेशी चळवळीतला तडफदार पुढारी. बायकोनं अंतःपुरातून बाहेर यावं, जग पाहावं, असं निखिलेशला वाटतं. ती बाहेर येते तेव्हा संदीप तिला सांगतो की तूच देश आहेस, तूच शक्ती आहेस.

विमला भारावते. पण देवी झाल्यावर तिच्या वाट्याला काय येतं? संदीपच्या मागणीसाठी ती स्वतःच्या घरातून पैसे चोरते. बाहेर परदेशी माल जाळण्याच्या आग्रहात गरीब, बहुतेक मुस्लिम, विक्रेते भरडले जातात. शेवटी दंगल पेटते.

रवींद्रनाथांचं म्हणणं असं दिसतं: बाईला देवी म्हणणं आणि बाईचं ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संदीप पहिली करतो, दुसरी करत नाही.

हे फक्त भारतातच झालं का?

नाही. ब्रिटिशांच्याच ताब्यात असलेल्या आयर्लंडमध्ये जवळपास तीच गोष्ट घडत होती.

१९०२ मध्ये डब्लिनमध्ये 'कॅथलीन नी हूलिहान' हे नाटक रंगमंचावर आलं. ते डब्ल्यू. बी. येट्स आणि लेडी ग्रेगरी यांचं. एका घरात लग्नाची तयारी चालू असते. दारात एक म्हातारी येते. आपली चार हिरवी शेतं परक्यांनी बळकावली, अशी तिची तक्रार असते. चार शेतं म्हणजे आयर्लंडचे चार प्रांत. नवरा मुलगा होणारी बायको सोडून तिच्यासाठी लढायला निघतो, आणि ती म्हातारी तरुण राणीसारखी होते.

'आनंदमठ'शी साम्य उघड आहे. जमीन म्हणजे बाई, तिच्यासाठी मुलगे घर सोडतात, आणि खरीखुरी बायको मागे राहते.

पुढे आयरिश कवयित्री इव्हान बोलंड यांनी या परंपरेला प्रश्न केला. देशाच्या कवितेत बाई सतत दिसते, पण प्रतीक म्हणून. दुष्काळात उपाशी राहिलेली, स्थलांतर केलेली, घर चालवणारी बाई त्या कवितेत कुठे आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

देश आई, मग महाराष्ट्र कोण?

मराठी साहित्यात देशाला आई मानणारी परंपरा ठळक आहे. विनायक दामोदर सावरकरांनी १९०९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर 'सागरा प्राण तळमळला' लिहिलं. मातृभूमीपासून तुटलेला मुलगा समुद्राला साकडं घालतो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यात कोकणातलं घर, नदी, झाडं आणि आई यांची अशी गुंफण आहे की आईचे संस्कार म्हणजेच देशसेवेची तयारी, असं मराठी वाचकांच्या पिढ्यांना वाटत आलं.

महाराष्ट्रावरची गाणी मात्र ऐकून पाहा. राजा बढे यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून अधिकृत राज्यगीत आहे. श्रीनिवास खळे यांचं संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. या गीतात नद्यांची नावं येतात, पण पाणी पितात ती घोडी. सह्याद्रीचा सिंह गर्जतो. देहाचे उल्लेख येतात ते छातीचे आणि मनगटांचे.

म्हणजे देश आई आहे, आणि तिचं रक्षण करणारा महाराष्ट्र हा तिचा धिप्पाड मुलगा. भारत म्हटलं की माया, महाराष्ट्र म्हटलं की मनगट. आपला भूगोलही याला साथ देतो. सह्याद्री 'तो', गोदावरी-कृष्णा-भीमा 'त्या'. कडा पुरुष, पाणी बाई.

यात गैर काय? गाणं म्हणून काहीच नाही. १ मे १९६० रोजी राज्य मिळवण्यासाठी १०६ हुतात्मे झाले, त्या लढ्याला असाच आवाज हवा होता. पण राज्याची ओळख फक्त मर्दानी शब्दांतच सांगितली गेली, की त्या मातीत राबणाऱ्या बायका त्या ओळखीबाहेर राहतात.

आईची विटंबना: १९४७

देशाला बाई मानण्याची सगळ्यात भयंकर बाजू फाळणीत दिसली. जमीन जर आई असेल, तिचा मान जर आपला मान असेल, तर शत्रूची बाई म्हणजे शत्रूची जमीन. हा तर्क हजारो बायकांच्या शरीरावर चालवला गेला. फाळणीच्या काळात सुमारे ७५ हजार स्त्रियांचं अपहरण आणि त्यांच्यावर अत्याचार झाले, असा अंदाज अभ्यासक मांडतात.

अमृता प्रीतम यांची 'पिंजर' ही पंजाबी कादंबरी १९५० ची. तिच्यातल्या पूरोला रशीद पळवून नेतो. ती निसटून घरी येते, पण आईवडील तिला घरात घेत नाहीत. पुढे तिची हमीदा होते. फाळणीनंतर भारतात जाण्याची संधी मिळते तेव्हा ती जात नाही.

१९४९ मध्ये भारतानं अपहृत व्यक्तींच्या सुटकेसाठी कायदा केला. हेतू सुटकेचा होता. पण या कायद्यात बाईचं वय काहीही असलं तरी तिच्या स्वतःच्या इच्छेला निर्णायक स्थान नव्हतं. कुठल्या बाईचा देश कोणता, हे सरकारांनी ठरवलं. उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी १९९० च्या दशकात अशा स्त्रियांच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा अनेकींनी परत यायला नकार दिल्याचं समोर आलं.

मातीत राबणारी बाई लिहिते तेव्हा

आतापर्यंतची बहुतेक उदाहरणं पुरुषांनी लिहिलेली आहेत. बायका माती आणि गावाविषयी लिहितात तेव्हा चित्र बदलतं.

बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. शाळेत गेल्या नाहीत. शेतात आणि जात्यावर काम करताना गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि नातलग यांनी ती लिहून ठेवली. १९५२ मध्ये ती पुस्तकरूपात आली, आचार्य अत्रे यांची प्रस्तावना घेऊन. बहिणाबाईंच्या कवितेतही धरती आहे, पेरणी आहे, पाखरांची घरटी आहेत. पण त्यांची धरती देव्हाऱ्यात बसत नाही. ती कामावरची सोबतीण आहे. इथं बाई प्रतीक नाही, ती कामाला आलेली आहे.

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमचं' हे आत्मकथन १९८६ मध्ये पुस्तकरूपात आलं. त्यांचं गाव वीरगाव. पण त्या गावाकडे महारवाड्यातून पाहतात. तिथून पाहिलं की गाव एकसंध दिसत नाही. कुठल्या रस्त्यानं जायचं, कुठलं पाणी घ्यायचं, समोरून वरच्या जातीचं माणूस आलं तर कसं वागायचं, हे सगळं ठरलेलं असतं. गावाचा नकाशा जातीनं आखलेला आहे, आणि त्याचा सगळ्यात जास्त काच बाईला आहे. 'आपली माती' म्हणताना त्यातलं 'आपली' कोण, हा प्रश्न इथं उभा राहतो.

महाश्वेता देवी यांची 'द्रौपदी' ही १९७० च्या दशकातली बंगाली कथा त्याहून पुढे जाते. दोपदी ही संथाळ बाई जंगलात लढते आहे. पकडल्यावर तिच्यावर अत्याचार होतात. मग ती कपडे घालायला नकार देते आणि तशीच सेनानायकासमोर जाऊन उभी राहते. महाभारतात द्रौपदीची लाज राखायला कृष्ण येतो. इथं कुणी येत नाही. सरकारी अधिकाऱ्यालाच पहिल्यांदा भीती वाटते. देश आई असेल, तर त्याच देशाच्या जंगलातली ही बाई कोण, हे कथा विचारते.

काळ्या आईचा सातबारा कुणाच्या नावावर?

हा सगळा विषय पुस्तकांपुरता राहिला असता तर गोष्ट वेगळी. पण जमिनीला आई म्हणणाऱ्या देशात आईच्या नावावर जमीन किती आहे?

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या एकूण शेतजमीनधारकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. दुसरीकडे, ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी साधारण तिघी शेतीत आहेत. काळ्या आईची बहुतेक मशागत बायकांच्या हातून होते, उताऱ्यावर मात्र त्यांचं नाव क्वचित सापडतं.

महाराष्ट्रात यावर प्रयत्न झाले आहेत. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं. त्यानंतरच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांना आवाहन होतं की जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करा. लक्ष्मी घरात आहे म्हणता, तर तिला हिस्सा द्या, असा साधा हिशोब. १९९२ मध्ये राज्य सरकारनंही 'लक्ष्मीमुक्ती' योजना आणली. त्यामुळे नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येऊ लागलं.

१९९४ मध्ये महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. देशभर तो २००५ मध्ये लागू झाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क जात नाही.

तरीही व्यवहारात 'हक्कसोड' होतच राहते. बहीण भावासाठी सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते. कायदा तिच्या बाजूनं असतो, नात्यांचा दाब दुसऱ्या बाजूनं.

नावाच्या बाबतीत आणखी एक बदल अलीकडचा आहे. १ मे २०१४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये बंधनकारक केला. शाळेच्या दाखल्यावर आई आली. उताऱ्यावर अजून यायची आहे.

मग 'भारतमाता' म्हणू नये का?

साहित्य असं काही सांगत नाही. या प्रतिमेनं गुलाम देशातल्या लाखो लोकांना एकत्र आणलं, तुरुंगात बळ दिलं, हे खरं आहे. अनेक स्त्रियांनाही याच प्रतिमेमुळे घराबाहेर पडून चळवळीत येता आलं.

पण शांती, विमला, पूरो आणि दोपदी या चौघींच्या गोष्टी एकापाठोपाठ वाचल्या की एक धागा दिसतो. देशाला बाईचं रूप देताना प्रत्येक वेळी खऱ्या बाईला काहीतरी सोडावं लागलं: कुणाला आपला वेश, कुणाला आपली अक्कल, कुणाला आपलं घर. चौथीनं सोडायला नकार दिला, आणि म्हणून तिची गोष्ट अजून अंगावर येते.

सातबारा आता मोबाइलवरही पाहता येतो. महाभूमीच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की उतारा समोर येतो. आपल्या घरच्या काळ्या आईवर घरातल्या आईचं नाव आहे का, हे तिथं दोन मिनिटांत कळतं.